दोन बोटांचा उतार

मुलाखत घ्यायला येणारी पोरं हटकून एक प्रश्न विचारतात. साहेब, नट म्हणून तुमचं बरं चाललं होतं, तुमच्या तोंडावर नुसती सुरकुती हलली तरी लोक हसायचे, मग ते सोडून तुम्ही दिग्दर्शनाच्या, तेही स्वतःच्या पदरचं घालून सिनेमे काढण्याच्या नादी का लागलात? या प्रश्नाला मी आजवर निदान चार निरनिराळी उत्तरं दिली आहेत आणि चारही छापून आली आहेत. एकदा म्हणालो, कॅमेऱ्यामागची दुनिया मोठी असते. एकदा म्हणालो, स्टुडिओवाल्यांशी पटलं नाही. एकदा म्हणालो, टक्कल पडलं. चौथं काय दिलं ते आठवत नाही, पण तेही खोटंच होतं. आता या वयात थाप मारायलासुद्धा दम लागतो, म्हणून जे झालं ते एकदा लिहून टाकतो. वाचून कुणाला माझी कीव आली तर ती त्यानं आपल्याजवळच ठेवावी.

आमचं घर केनवडला. वावर बरं होतं, दावणीला चार बैल, एक म्हैस, आणि खायला ज्वारीची भाकर वर्षभर पुरून उरायची. घरात माणसं चारच: बाप, माय, माझी मोठी बहीण शेवंता आणि मी. शेवंताला मी बाई म्हणायचो, आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची, ती थांबली की बापाचं खाकरणं, मग बैलांच्या गळ्यातल्या घाट्या, आणि मग बापाच्या शिव्या. माझ्या बापाला सरळ बोलता येत नसे. पाणी मागायचं तरी 'मेले का सारे घरात?' असं मागायचा. माय त्याच्या वरताण. ती बोलायची कमी, पण हातात असेल ते फेकून मारायची. उलथनं, पळी, एकदा तर गरम भाकर. भाकर पाठीला चिकटली होती, आणि सोलून काढल्यावर तिनं तीच माझ्या ताटात वाढली, अंबाडीच्या भाजीबरोबर. मी खाल्ली. भूक होती आणि माझ्या मायच्या हातची अंबाडीची भाजी, वरून लसणाची फोडणी दिलेली, कुणीही पाठ भाजून घेऊन खाल्ली असती.

बाई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तोंडानं फटकळ, कामाला वाघीण. डोक्यावर दोन घागरी आणि कमरेला एक घेऊन ती विहिरीवरून यायची आणि वाटेत तिच्या अंगावर पाण्याचा थेंब नसायचा. पण ती दीड वर्षाची असताना तिला ताप आला होता आणि त्या तापानं तिचा डावा पाय वाढायचा राहिला. उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. एक पाऊल जड पडायचं, एक हलकं, आणि अंग दर पावलाला डावीकडे झुकून परत यायचं. घरात याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. गावातही नाही. आमच्याकडे एक रीत होती, आजही कुठं कुठं असेल. गावातल्या लेकीचं व्यंग गाव झाकतं. बाहेरगावचा माणूस सोयरिकीची चौकशी करत आला, विहिरीवर थांबला, दुकानात बसला, तरी ज्याला विचारील तो सांगणार, पोरगी सोन्यासारखी आहे. ज्याचं आमच्या बापाशी बांधावरून वैर होतं, तोसुद्धा हेच सांगणार. कारण त्याच्याही घरात लेकी होत्या. यात दया-माया काही नव्हती, हा एक प्रकारचा सौदा होता, आणि तो कुणी मोडत नसे.

मी काय करायचो, तर नकला. गाव मला नकल्याच म्हणायचं. पटवारी कसा बसतो, देवी टोचायला येणारा माणूस पोरांमागे कसा धावतो, देवळातला पुजारी आरती करता करता प्रसादाकडे कसा बघतो, सगळं मला एकदा पाहून यायचं. दुसऱ्यांदा पाहायची गरज पडत नसे. बापाला हे धंदे आवडायचे नाहीत, पण कुणी पाहुणा आला आणि बोलायला विषय उरला नाही की मला हाक मारायचा. 'दिग्या, तो पटवारी कर रे.' मी करायचो. पाहुणा खो खो हसायचा. मग बाप म्हणायचा, 'भयताड हाय माह्यं पोट्टं, कामाचं ना धामाचं,' आणि मला बैलाकडे पिटाळायचा. लोक मला विचारतात की तुम्ही अभिनय कुणाकडे शिकलात. मी शिकलो नाही. हसणं ऐकायची मला चटक लागली होती, तंबाखूची लागते तशी, आणि ती लागली तेव्हा मी दहा वर्षांचा असेन.

बाई सतराची झाली, म्हणजे तेव्हाच्या मानानं घोडनवरी. तीन ठिकाणचे लोक येऊन, पाहून, पोहे खाऊन गेले होते. मुलगी दहा पावलं चालली की पाहुण्यांच्या तोंडातला घास हळू व्हायचा. तिसरे लोक गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मायनं पांढरी माती आणली, ती शेणात कालवली आणि ओसरी सारवायला घेतली. मला वाटलं, नेहमीचं सारवण. पण ती भिंतीच्या कडेला थर देत होती, वाळू देत होती आणि परत थर देत होती. आठ दिवस हे चाललं. ओसरीच्या लांबीला, डाव्या भिंतीला लागून, हात-दीड हात रुंदीचा पट्टा हळूहळू भिंतीकडे चढत गेला. वर भिंतीजवळ दोन बोटं उंची, खाली सपाट. बसलेल्या माणसाला ते कळण्यासारखं नव्हतं. मातीच्या घराची भुई कुठं रंध्यानं तासलेली असते? पण सैपाकघराच्या दारातून निघून, भिंत डाव्या हाताला ठेवून चाललं, की बाईचा आखूड पाय उंचावर पडायचा आणि लांब पाय खाली. ती सरळ चालायची. अगदी सरळ, डोक्यावर भरला तांब्या ठेवला तरी हलू नये अशी.

पुढे मी सिनेमाचे सेट पाहिले, ज्यांचा बोलबाला आहे असे कलादिग्दर्शक पाहिले. पुठ्ठ्याचे राजवाडे, रंगवलेली आभाळं. माझ्या मायनं शेणामातीत जो सेट उभा केला तसा मी अजून पाहिलेला नाही. आणि तालीमही तिनंच घेतली. अडचण एकच होती. जाताना भिंत डावीकडे, पण परत त्याच वाटेनं आली तर भिंत उजवीकडे येणार आणि मग तर दुप्पट झोल जाणार. म्हणून ठरलं ते असं: बाईनं सैपाकघरातून निघायचं, पाहुण्यांपुढे ताट ठेवायचं, पुढे तसंच ओसरीच्या टोकाला कोठीच्या खोलीत शिरायचं, तिच्या मागच्या दारानं बाहेर पडून, मागच्या अंगणातून वळसा घालून पुन्हा सैपाकघरात. माय हातात पळी घेऊन दारात बसायची. पाऊल पट्ट्याच्या बाहेर पडलं की पळी बसायची, तीही आखूड पायावरच. 'सासरी जाशीन त काय तिथं मी सारवाले येऊ? एकडाव त नीट चाल.' बाई ओठ दाबून परत निघायची.

मग रिसोडच्या एका कापडवाल्या शेठजींनी इंझोरीचं स्थळ आणलं. घर खातंपितं, मुलगा एकुलता, शेतीत राबणारा. पाहायला आला तो मुलाचा चुलता आणि दोन माणसं. चुलता साठीकडे झुकलेला, मऊ बोलणारा, पांढरा फेटा नीट बांधलेला. माझ्या बापानं त्यांना बरोबर जिथं बसवायचं ठरलं होतं तिथंच बसवलं. बाई पोहे घेऊन आली. गेली. पाणी घेऊन आली. गेली. गुळाचा चहा घेऊन आली. चुलता म्हणाला, 'पोरगी लय चपळ दिसते हो तुमची. आता गेली न आता आली.' बाप हसून म्हणाला, 'माह्यं घरच तिच्या पायावर हाय.' हे बोलताना त्याचा आवाज हलला नाही. माझ्या घरात मी एकटाच नट होतो असं नाही.

मला मागच्या अंगणात उभं केलं होतं, कोंबड्या हाकलायला. म्हणून मला दोन्ही दिसलं. दाराच्या फटीतून पुढचं: बाई पदर सावरून, मान खाली, पाण्यावरून होडी जावी तशी चालली आहे. आणि कोठीच्या दारातून ती बाहेर पडली की मागचं: लुगडं पोटरीच्या वर खोचलेलं, दात खाऊन, लंगडत, उड्या टाकत धावते आहे, कारण चहा निवायच्या आत तिला पुन्हा सैपाकघरात पोचायचं आहे. दारापाशी थांबायची, लुगडं खाली सोडायची, घाम पुसायची, आणि परत होडी. तीन वेळा. मला हसू फुटत होतं आणि मी ते तोंडात कोंबून धरलं होतं. त्याच वेळी मला हेही कळलं होतं की असं काही मी पुन्हा जन्मात पाहणार नाही. एक बाई आणि दोन चाली, मधे फक्त एक दार.

इंझोरीवाल्यांनी होकार दिला. सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की. माय त्या दिवशी ओसरीत बसून रडली आणि मी जवळ गेलो तर मला तांब्या फेकून मारला.

मधे पोळा आला. ज्यांनी वऱ्हाडातला पोळा पाहिला नाही त्यांना सांगतो. बैलांना धुवून, शिंगं रंगवून, झूल घालून संध्याकाळच्या आत गावाबाहेर आखरावर तोरणाखाली उभं करतात. तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे दोन-चार ओळींचं चटकदार कवन, कुणाची तरी टोपी उडवणारं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाच्या नावाचा गजर करायचा. आमच्या गावात बैलांच्या दोन रांगा, दोन पाटलांच्या. दोन्हीकडून एकेक जण पुढे येऊन झडती म्हणणार, ज्याला हसू जास्त त्याची रांग वरचढ. त्या वर्षी आमच्या रांगेकडून मी होतो. समोरच्या रांगेकडून किसन्या नावाचा सालदार, जाडा, ढेरपोट्या, पण जीभ अशी की ऐकत राहावं.

मी समोरच्या रांगेच्या पाटलाच्या मिशांवर झडती रचून आणली होती. आठ दिवस पाठ केली होती. म्हटली. कुणी हसलं नाही. एक म्हातारा हसला, पण तो कशालाही हसायचा. मग किसन्यानं माझ्यावरच झडती टाकली, की केनवडात एक पोट्टं आहे, त्याला मिसरूड फुटेना म्हणून ते दुसऱ्याच्या मिशा मोजत फिरते. आखर नुसतं फुटलं. बैल बिचकले. माझा बाप बैलाचा कासरा धरून उभा होता, तो माझ्याकडे न पाहता जमिनीकडे पाहत होता. मला दुसरी झडती म्हणायची होती आणि माझ्याकडे दुसरी नव्हती.

त्या शांततेबद्दल लिहायला हवं. नंतर नाटक कंपनीत, नंतर स्टुडिओत मी ती अनेकदा अनुभवली. समोर हजार डोळे, आणि आपल्याजवळ काही नाही. त्या वेळी नटाला आई दिसत नाही, बहीण दिसत नाही. जे हाताला लागेल ते तो उचलतो. माझ्या हाताला जे लागलं ते मी उचललं:

भुईले देल्ला उतार, सारवून गेली माय,
पाहुने पोहे खात बसले, दिसला नाही पाय.

नाव घेतलं नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण ओळी म्हटल्यावर एक बारीक खसखस पिकली, आणि ती कानात शिरल्यावर मी थांबणं शक्यच नव्हतं. मी चालून दाखवलं. आधी होडी: उपरण्याचा पदर केला, मान खाली. मग काल्पनिक दार ओलांडलं, धोतर वर खोचलं आणि मागच्या अंगणातली बाई झालो. जितकी होती त्याच्या तिप्पट झालो. डावा खांदा जमिनीला टेकेल इतका पाडला, जीभ बाहेर काढली, एका पायावर उड्या मारल्या, परत दार, परत होडी. सगळ्यांत आधी कोण हसलं ठाऊक आहे? माझा बाप. त्याला काय चाललं आहे ते कळायच्या आत हसू फुटलं होतं. तो मोठ्यानं, मनापासून हसला, आणि त्याच्यामागून अख्खं गाव हसलं. किसन्या तर खाली बसला. मग बापाचं तोंड मिटलं. बाकीच्यांची तोंडं मिटायला बराच वेळ लागला. आमची रांग जिंकली. तोरण आमच्या पाटलाच्या बैलानं तोडलं.

घरी पुरणाची पोळी होती, कढी होती. बाई वाढत होती. तिला कळलं होतं की नव्हतं ते मला कळलं नाही. माझ्या ताटात तिनं पोळीवर तूप घातलं, नेहमी घालायची तेवढंच.

तरी गावानं झाकलं असतं. गावात ती झडती पोरांनी चार दिवस म्हटली, मोठ्यांनी दटावली, संपली. पण चांगली जमलेली ओळ माणसाच्या ताब्यात राहत नाही. कापूस निघाला, आमच्या गावच्या गाड्या त्या वर्षी कारंज्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, गेल्या. जिनात गाडी खाली व्हायला दोन दोन दिवस लागायचे, गावोगावचे गाडीवान विडी फुंकत झडत्या म्हणत बसायचे. आमच्या गावच्या एका गाडीवानानं माझी झडती म्हटली, उठून थोडं चालूनही दाखवलं. कुणीतरी विचारलं, 'कोनाची हे?' तो मोठ्या फुशारकीनं म्हणाला, आमच्या गावच्या दिग्यानं त्याच्या सख्ख्या बहिणीवर केली. विचारणारा इंझोरीचा होता. गाडीवानाचा काही दोष नाही. त्याला सोयरीक कुठं जमली हेच माहीत नव्हतं, आणि तो माझं कौतुकच सांगत होता.

लग्नाला बारा दिवस उरले असताना इंझोरीचा तो चुलता आला. सकाळची वेळ. या खेपेला तो ओसरीत बसला नाही, अंगणातच उभा राहिला. मायनं पाण्याचा पेला दिला, तो त्यानं हातात धरला, प्याला नाही.

'पोरीले बोलवा जरा,' तो बापाला म्हणाला.

'कायले?' बाप म्हणाला.

'इथं आंगनात चालू द्या थोडं. भुई सपाट हाय.'

बाप नाही म्हणू शकला असता. हाकलून देऊ शकला असता, शिव्या तर त्याच्या जिभेच्या टोकावर असायच्या. त्यानं आत तोंड करून हाक मारली, 'शेवे, बाहीर ये.'

बाई आली. हाताला पीठ लागलेलं. चुलत्यानं तिच्याकडे अगदी मायेनं पाहिलं. 'माय, त्या कवठाच्या झाडापासून फाटकालोक चाल बरं,' तो म्हणाला. ती चालली. लपवायचा प्रयत्न केला नाही, घाईही केली नाही. जड पाऊल, हलकं पाऊल. शेजारची दोन माणसं कुडावरून पाहत होती. ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

'आता वापस ये.'

ती परत आली. तो माणूस मान हलवत राहिला आणि मग बापाला म्हणाला, 'पोरगी गुनाची हाय. पाय आखूड हाय त हाय, आमी पाह्यलं असतं काय करायचं ते. पन तुमी आमाले भयताड बनवलं. आता हे गोष्ट जिनात लोक म्हनून राह्यले. आमी पोराची वरात कोन्या तोंडानं आनाव?' त्यानं भरला पेला जमिनीवर ठेवला, बाईकडे पाहून 'येतो माय' म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, आता बाप मला फाडून खाणार. मी तयार होतो, खरं तर वाट पाहत होतो. त्यानं मला हातही लावला नाही. मला मारायचं तर आखरावर आधी कोण हसलं ते त्याला आठवावं लागलं असतं. त्यानं मायला मारलं. 'कोनं सांगतलं होतं तुले सारवाले? कोनं सांगतलं होतं?' बैलाच्या जोत्यानं, मानेला बांधायच्या पट्ट्यानं मारलं, अंगणात, कुडावरच्या माणसांदेखत. बाई मधे पडली तर दोन तिलाही बसले. मी कवठाच्या झाडाला टेकून उभा होतो. मायच्या तोंडातून आवाज कसा निघतो, मार चुकवताना तिचा हात कसा वर जातो, हे मी पाहत होतो. लाज वाटते सांगायला, पण तो हात मी पुढे एका सिनेमात वापरला आहे.

आणि पायही वापरला. माझ्या स्वतःच्या दुसऱ्या सिनेमात एक लंगडी मुलगी होती. जिला घेतलं होतं ती चांगली नटी, शिकलेली, मेहनती. तिला ते चालणं येईना. मी तिला नांगरलेल्या वावरात अनवाणी चालायला लावलं, एका टाचेखाली खडा बांधून. सकाळपासून दुपारपर्यंत. तिची टाच फुटली, ती रडायला लागली, कॅमेरामन म्हणाला बस करा. मी बस केलं नाही. ढेकळांवर रक्ताचे ठिपके पडले तेव्हा ते चालणं आलं. परीक्षण लिहिणाऱ्यांनी त्या दृश्यातल्या करुणेचं फार कौतुक केलं. ती नटी नंतर माझ्याशी कधी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

बाईचं लग्न माघात झालं. पोहरादेवीच्या अंगाला एका गावात पंचेचाळिशीचा एक माणूस होता, दोन बायका मेलेल्या, घरात तीन पोरं. तो पाहायलाही आला नाही. त्यानं एवढंच विचारून पाठवलं की वावरातलं काम जमते का. बाप म्हणाला, जमते. हळदीला तीन दिवस असताना, दुपारी, मी गोठ्यात कडबा तोडत होतो. बाई आत आली आणि दार ओढून घेतलं. इतके महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. रागावून नाही, कामापुरतंच.

'दिग्या, चालून दाखव,' ती म्हणाली.

'काय?'

'माह्यं चालनं. अख्ख्या गावानं पाह्यलं, जिनातल्या लोकाईनं पाह्यलं. मीच कधी पाह्यलं नाही. आरशात पाय दिसत नाहीत.'

मी नको म्हणालो. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. 'मी काय मांगून राह्यली तुले? साडी मांगली का दागिना मांगला? चाल.'

मी चाललो. अगदी हळू, कमीत कमी, खांदा जेमतेम हलवत. गव्हाणीपासून दारापर्यंत. तिनं नीट पाहिलं, भाजीवाल्याच्या तराजूकडे पाहतात तसं.

'एवढंच?' ती म्हणाली. 'एवढ्यासाठी?' आणि मग, 'मंग गाव एवढं हासलं काहून?'

'मी वाढवून केलं होतं, बाई.'

'मंग तसंच कर. मले काहून कमी देते?'

आणि मी केलं. आखरावर केलं होतं तसं सगळं. होडी, दार, लुगडं वर खोचणं, खांदा जमिनीला, जीभ बाहेर, उड्या. बैल कान टवकारून पाहत होते. पहिल्या फेरीला ती नुसती पाहत होती. दुसऱ्या फेरीला तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिसऱ्याला ती हसली. खोटं नाही, कडवट नाही. चांगली झडती ऐकून बाई-माणूस जसं तोंडावर हात ठेवून हसतं तसं हसली, मग हात सुटला, ती दाराला घसरत खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आता जे लिहायचं त्यासाठीच मी हे प्रकरण लिहायला घेतलं. तिचं ते हसणं ऐकून मला बरं वाटलं. आणि मी त्यात आणखी घातलं. चौथ्या फेरीला मी मानेला एक झटका दिला, पाहुण्यांकडे चोरून पाहत असल्यासारखा, जो तिनं कधीच दिला नव्हता, जो मला त्याच क्षणी सुचला होता. ती आणखी हसली. मी पाचवी फेरी घेतली.

नट असतो तो हा. पुढे मुंबईत, कोल्हापुरात मी बरीच वर्षं नाव कमावलं, आणि दर वेळी थिएटर हसलं की माझी मान आपोआप झटका देऊ लागली. एके दिवशी मी ती थांबवू शकलो नाही, दृश्य एका मेलेल्या पोराच्या बापाचं होतं तरी. त्या दिवसानंतर मी तोंडाला रंग लावला नाही. हे पाचवं उत्तर, आणि हे खरं आहे.

बाईनं पदरानं डोळे पुसले. उठली. लुगड्याला लागलेलं शेण झटकलं. 'चांगलं करते तू,' ती म्हणाली. 'लय चांगलं करते. इथं राहू नको. बाप तुले वावरात जुंपन. कोन्या कंपनीत जाय.'

मला आनंद झाला. मी काहीतरी बोलणार होतो.

'आन माह्या सासरी येऊ नको,' ती म्हणाली. 'राखीले नाही, दिवाईले नाही. मी मेली असं ऐकलं तरी येऊ नको.' मग दार उघडून ती हळद दळायला गेली.

चैत्रात पोहरादेवीच्या यात्रेत एक नाटक कंपनी उतरली होती, तिच्याबरोबर मी गेलो. बाई त्यानंतर एकतीस वर्षं जगली. सवतीची तीन आणि स्वतःची दोन अशी पाच पोरं तिनं वाढवली, सारं वावर अंगावर घेतलं, असं लोकांकडून कळायचं. माझ्या सिनेमाच्या एका चित्रणासाठी मी सगळं लटांबर घेऊन तिच्या गावापासून दोन कोसांवर महिनाभर होतो. ड्रायव्हर रोज विचारायचा, साहेब, इथं तुमचं कुणी आहे म्हणतात. मी नाही म्हणायचो. ती गेल्याची तार आली तेव्हा मी मुंबईत एडिटिंगच्या टेबलावर होतो. मी तार वाचली, खिशात ठेवली आणि राहिलेली रीळ कापून संपवली. कंपनीत जाणं माझ्याच सोयीचं होतं; ते सोडलं तर जन्मात मी तिचं एवढं एकच ऐकलं.